खोट बाहेर ठेवा

वाहुळ मॅडम रागावल्या की शुद्ध मराठीत बोलायच्या. एरवी आमच्यासारखंच बोलणं, 'न्हाई' आणि 'मंग' आणि 'कामून'. पण समोरच्यानं एखाद्या बाईला टाकून बोललं, की त्यांच्या बोलण्यातला भोकरदन तालुका निघून जायचा आणि शाळेचं पुस्तक उघडायचं. "आपण आता काय म्हणालात, ते पुन्हा एकदा सांगाल का?" एवढं वाक्य कानावर आलं की मी हातातली सिरिंज ठेवून दाराकडं बघायचो. आत कोणाचं तरी आज खरं नाही, हे कळायचं.

मी त्यांच्या खोलीच्या बाहेर रक्त काढायला बसायचो. जालन्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, मागच्या अंगाला, थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवायचा छोटा वॉर्ड होता. या मुलांच्या अंगात धड रक्त तयार होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं, आणि ते जन्मभर. आजार आईबापांकडून येतो, पण आईबाप स्वतः ठणठणीत असतात. त्यामुळं लेकराला आजार निघाला की घराघरांत एकच शोध सुरू व्हायचा, हे आलं कोणाकडून. तो शोध मॅडमच्या दारात येऊन थांबायचा. दारावर पाटी होती, 'आनुवंशिक आजार समुपदेशन'. ती वाचून आत गेलेला माणूस मी पाहिला नाही. लोक विचारायचे, "रक्ताच्या मॅडम कुठं बसतात?" मी बोट दाखवायचो.

प्रज्ञा वाहुळ. बुटक्या, काळ्यासावळ्या, चालताना पुढं झुकलेल्या, जणू वारा कायम समोरूनच येतोय. विद्यापीठातून याच विषयात एम.एस्सी. झालेल्या. टेबलाच्या खणात भाजलेले शेंगदाणे असायचे. विचार करायचा असला की त्या एकेक दाणा सोलून खायच्या आणि समोरच्याला तोवर थांबावं लागायचं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचं एक खेडं त्यांचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. त्याला काय झालं होतं हे घरात कोणालाच कळलं नाही. मॅडमना ते कॉलेजात, वर्गात बसल्याबसल्या कळलं. "लोकांनी आजाराला नाव ठेवायच्या आधी माझ्या मायला नावं ठेवली," असं त्या एकदाच मला म्हणाल्या. मी पुढं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मात्र येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिलं वाक्य सांगायच्या, "माझ्यातबी हाय, बरं का." म्हणजे त्या स्वतः वाहक होत्या. आजार नाही, पण पुढच्या पिढीला देण्यासारखं काहीतरी रक्तात आहे, असं. लोक दचकून त्यांच्याकडं बघायचे. मॅडम त्यांना मनसोक्त बघू द्यायच्या.

आणि दुसरं वाक्य, "खोट हा शब्द बाहेर ठेवून या. चपला आणल्या तरी चालंल."

मंगलची गोष्ट मी तिला विचारून लिहितोय. नाव बदलू का, असं विचारलं तर म्हणाली, "कामून? मी काय चोरी केली?" हे बोलणंही तिचं मूळचं नव्हे. मंगल पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या तोंडून तिचं नावसुद्धा ऐकू येत नव्हतं.

सासू यमुनाबाई आणि नवरा संतोष खुर्च्यांवर बसले. मंगल कडेवर लेकरू घेऊन भिंतीला टेकून उभी. लेकराचा रंग जुन्या कागदासारखा. मॅडमनी खण उघडला आणि शेंगदाणे सोलायला लागल्या.

"बोला ना मॅडम," यमुनाबाई म्हणाल्या.

"बोलते की. तिला बसू द्या."

"ती बरी हाय तिथं."

"मी बरी न्हाई. मला मान वर करून बोलता येत न्हाई."

शेवटी संतोष उठला. मंगल त्याच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, पडू नये इतपत. मॅडमनी संतोषला आधी दाराबाहेर नेलं आणि हळू आवाजात विचारलं, तुझ्या रक्ताचं तुझ्या आईसमोर बोलू का? नको म्हणालास तर बोलणार न्हाई. तो जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बोला."

यमुनाबाई मंगलची सख्खी आत्या. भावाची लेक सून करून आणलेली. त्यामुळं त्यांचा राग दुहेरी होता. "माझ्या भावाच्या घरात असलं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे हिच्या मायकडून आलंय. आमी पाहुण्यांशी बोललो हाओत. हिला माहेरी धाडणार. संतोषला दुसरी बघू राह्यलो."

मी बाहेरून कान दिला. मला वाटलं, आता पुस्तक उघडणार. पण मॅडमनी भलतंच विचारलं.

"शेडनेट हाय का तुमच्याकडं?"

"हाय ना. जाळीखाली मिरचीचा प्लॉट हाय बियाणाचा."

"क्रॉसिंग कोण करतं?"

"मी करते. ही बी करते." यमुनाबाईंच्या आवाजात जरा ताठा आला. "आमच्या प्लॉटात माझ्याइतका हात कोणाचाच चालत न्हाई."

"मंग मला सांगा, नराचा पराग तुमी मादीच्या फुलाला लावता. त्या मिरचीच्या बियाणात नुसतं मादीचंच उतरतं का?"

"असं कसं उतरंल?" यमुनाबाई चिडल्या. "दोघांचं उतरतं. अर्धं अर्धं."

मॅडमनी हातातला दाणा तोंडात टाकला. शेंगदाण्याची टरफलं एका बाजूला सारत बसल्या. यमुनाबाईंनी संतोषकडं पाहिलं, मग मंगलकडं, मग पुन्हा संतोषकडं. संतोषच म्हणाला, "आई, माझ्यातबी हाय. मागं एकटाच रिपोर्ट न्यायला आलो, तवाच मला कळलं व्हतं." मग मॅडमनी कागदावर चार गोल काढून दाखवलं की दोघांकडूनही ते आलं तरच लेकरू आजारी होतं, दर बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता असते, आणि दुसरी बायको केली तरी संतोषचं रक्त बदलत नसतं. तुमच्या भावाच्या घरातून आलं की तुमच्या घरातून, हे मला माहीत न्हाई, आणि ते शोधून हे लेकरू बरं होणार न्हाई, असं म्हणाल्या. यमुनाबाई चपला घालून तडक निघून गेल्या. पण मंगल माहेरी गेली नाही.

वर्षभरानं ती पुन्हा दारात उभी राहिली. दिवस गेले होते. या वेळी सोबत अर्धं गाव. पाडून टाका म्हणणारी चुलतसासू, देवाच्या मनात असेल ते होऊ द्या म्हणणारा चुलता, मुंबईला पाठवून पोटातल्या बाळाची तपासणी करा म्हणणारा कोणी पोस्टातला पाहुणा. मॅडमनी सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं समद्यांचं झालं. आता बाहेर बसा."

मला रक्त काढायचं होतं म्हणून मी तेवढा आत राहिलो. मंगलनं तोच प्रश्न विचारला जो या खोलीत सगळ्या बायका विचारायच्या. "मॅडम, तुमी माझ्या जागी असत्या तं काय केलं असतं?"

"मी तुझ्या जागी न्हाई ना, बाई. मी तिथं बसले तं तू कुठं बसशील?"

मंगल रडायला लागली. मॅडमनी तिला उगी केलं नाही. रडणं आटपल्यावर मुंबईची तपासणी कशी होते, सुई कुठं टोचतात, त्यात धोका काय, उत्तर यायला किती वेळ लागतो, हे सगळं सांगितलं. आणि म्हणाल्या, "तपासलं तरी मी तुझ्या संगं हाय, न्हाई तपासलं तरी हाय. ठेवलं तरी हाय, न्हाई ठेवलं तरी हाय. बाहेर जे बसलेत त्यांना मी बघते."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं. "मला कळायला पाह्यजे," ती म्हणाली. "बाकीचं मी मंग ठरवन."

मॅडम दार उघडून बाहेर गेल्या आणि वऱ्हाडाला सांगितलं, "तिनं ठरवलंय." काय ठरवलंय, असं चुलत्यानं विचारलं तर म्हणाल्या, "ते ती सांगंल. तिला वाटलं तं."

मुंबईचा रिपोर्ट आला. बाळाला आजार नव्हता. आईबापांसारखंच वाहक होतं. ते ऐकून यमुनाबाई कुरकुरल्या, "म्हंजे थोडं हायच की त्याच्यातबी."

"माझ्यात हाय तेवढं हाय," मॅडम म्हणाल्या. "शिकले, नोकरी केली, लेक झाली. अजून काय करून दाखवू?"

यमुनाबाईंनी हात लांब करून मॅडमपुढचे चार शेंगदाणे उचलले आणि सोलायला घेतले. त्यांच्याकडून समझोता म्हणावा तो एवढाच.

सगळं असंच निभावलं, असं नाही. गावातल्या मस्तगड भागातली शाहीन लहानपणापासून आमच्या वॉर्डात यायची. रक्त चढत असताना पलंगावर मांडी घालून अकाउंट्सची गणितं सोडवायची आणि माझ्या चुका काढायची. दर खेपेला चढवलेल्या रक्तातलं लोह तिच्या हृदयात साठत गेलं, आणि एका हिवाळ्यात ती गेली. मॅडम आणि मी तिच्या घरी गेलो. अरुंद जिना, वर बायकांची दाटी. कोणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी. तिचीबी सुटका झाली आन मायबापाचीबी."

मॅडम खाली बसल्या होत्या, त्या ताठ झाल्या. "कशातून सुटली?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तिला बारावीची परीक्षा द्यायची होती. तिला बँकेत नोकरी करायची होती. तिला जगण्यातून सुटायचं नव्हतं. कृपा करून तिच्या आईसमोर असं बोलू नका."

शाहीनची अम्मी तोवर एका जागी दगडासारखी बसली होती. ती मॅडमच्या खांद्यावर कोसळली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या तपासणीचं मशीन लेकरांना लवकर मिळत नाही म्हणून मॅडमनी दवाखान्याच्या वरच्या साहेबांशी इतकं भांडण काढलं की दोन मजले ऐकत होते.

भांडायला त्या कोणाशीही कचरायच्या नाहीत. एकदा एक वजनदार पुढारी आले, मागं दोन माणसं. नाव घेत नाही. सगळे त्यांना बापूसाहेब म्हणायचे. त्यांच्या मुलाची सोयरीक ठरली होती आणि होणाऱ्या सुनेच्या कॉलेजात आम्ही रक्ततपासणीचं शिबिर घेतलं होतं, हे त्यांच्या कानावर गेलं होतं.

"मॅडम, पोरीचं काय निघालं एवढं सांगा. घरचंच समजा."

"जे निघालं ते तिला सांगितलंय."

"आमी तिचे होणारे सासरे हाओत."

"आपण होणारे सासरे आहात, याचा आनंद आहे," मॅडम म्हणाल्या. मी सिरिंज खाली ठेवली. "आपल्या मुलाला पाठवून द्या. त्याचं रक्त तपासू. त्याच्यात काही नसेल, तर मुलीच्या रक्तात असो वा नसो, त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही."

"आमच्या पोराचं रक्त? त्याला काय झालंय?"

"काहीच नाही. लग्न त्याचंही आहे ना?"

बापूसाहेबांच्या मागच्या माणसाला हसू आलं, ते त्यानं खोकून झाकलं. बापूसाहेब उठले. जाताजाता म्हणाले, "तुमची ऑर्डर दरसाल नव्यानं निघती म्हणे."

"कंत्राटी आहे मी. आपल्याला बरोबर माहिती मिळाली."

थोड्या दिवसांनी तो मुलगा एकटाच आला, तोंडाला रुमाल बांधून, मोटरसायकल पार मागच्या गेटला लावून. रक्त मी काढलं. त्याचा रिपोर्ट काय आला हे मला ठाऊक आहे आणि मी इथं लिहिणार नाही. मी मॅडमच्या दारात बसून काम केलेला माणूस आहे. मुलगा-मुलगी दोघं मिळून मॅडमकडं एकदा आले, खूप वेळ बसले. त्यांचं लग्न झालं. मॅडमना पत्रिका आली आणि त्या जेवून आल्या.

त्या वर्षी मॅडमची ऑर्डर निघाली नाही. कशामुळं, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी कोणाचं नाव घेणार नाही. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी मॅडम नेहमीच्या वेळी आल्या आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या. दवाखान्याच्या साहेबांनी निरोप धाडला, मग स्वतः आले.

"मॅडम, तुम्ही आता इथल्या कर्मचारी नाही. असं बसता येणार नाही."

"ठाऊक आहे मला. मी मुलांना भेटायला आले आहे. भेटीची वेळ चालू आहे. पाटी आपल्याच दाराला लावलेली आहे."

भेटीची वेळ संपली की त्या उठून जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बाया आपापली लेकरं घेऊन बाकापाशी यायच्या, खाली बसकण मारायच्या, विचारायचं ते विचारायच्या. मी मधून चहा न्यायचो. एकदा मी म्हटलं, "मॅडम, कशाला ओढवून घेता?" त्या म्हणाल्या, "कैलासभाऊ, मला घरी बसता येत असतं तं मी कवाच बसले असते."

मग एक दिवस वॉर्डातल्या बायका उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. पुढं यमुनाबाई. साहेबांनी काय काम आहे विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, "साहेब, मी माझ्या सुनेला घराबाहेर काढणार व्हते. त्या बाईनं मला शिव्या दिल्या न्हाईत. बसवून समजून सांगितलं. आता तुमी त्यांना बाहेर काढून राह्यले. तुमाला कोण समजून सांगन?"

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी वर लिहिलं, पुन्हा लिहिलं. ऑर्डर निघायला महिना-दीड महिना गेला. कुलूप उघडलं त्या दिवशी मॅडमनी खिडकी उघडली, खणातले खवट झालेले शेंगदाणे फेकून दिले आणि दाराबाहेर मान काढून विचारलं, "पहिलं कोण हाय?"

आता त्या पुण्याला असतात. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही, त्यामुळं सगळ्यांसारखी हारतुऱ्यांतली त्यांची आठवण माझ्याकडं नाही. मला त्या शेवटच्या दिसतात त्या संभाजीनगरच्या एका दवाखान्यात. हेसुद्धा मी त्यांच्या लेकीला, सुजाताला विचारून लिहितोय.

सुजाताचं एका मुलावर मन बसलं होतं. आकाश त्याचं नाव, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं रक्त तपासलं आणि दोघंही वाहक निघाले. ज्या चार गोलांचा कागद मॅडमनी अर्ध्या जिल्ह्याला काढून दाखवला होता, तो त्यांच्याच घरात आला. सुजाता म्हणाली, आई, तूच सांग काय करू. मॅडम म्हणाल्या, "मी तुझी माय हाय. तुला मायकडून सल्ला नको, सांगणारी बाई पाह्यजे." आणि दोघांना त्यांनी संभाजीनगरच्या एका तरुण समुपदेशक मुलीकडं पाठवलं. स्वतःही गेल्या, पण आत गेल्या नाहीत. मला त्या दिवशी तिकडं तपासणीचं सामान आणायला जायचंच होतं, म्हणून मी सोबत होतो.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मॅडमना दिराचा फोन आला. तिकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. वहिनी, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, दुनियेला शिकवता, आणि घरचीच पोरगी खड्ड्यात चालली, थांबवा तिला.

"भाऊजी," मॅडम म्हणाल्या, "मी आजपर्यंत कोणालाही लग्न करू नका असं सांगितलेलं नाही. लेकीपासून सुरुवात करावी, असं आपलं म्हणणं आहे का?"

मॅडमनी फोन बंद करून पिशवीत टाकला. त्यांनी बंद दाराकडं एकदा पाहिलं, मग नजर काढून घेतली, मग पुन्हा पाहिलं. आत काय सांगितलं जातंय याचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता, आणि तरी त्या कान देऊन बसल्या होत्या.

शेजारी एक खेड्यातली तरुण बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं लेकरू. तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमचं कोण हाय आत?"

"लेक हाय."

"मॅडम चांगल्या हायत का वो इथल्या? रागावत्यात का?"

"माहीत न्हाई, बाई. मीबी पहिल्यांदाच आलेय."

बराच वेळ गेला. दार उघडलं. सुजाताचे डोळे रडून लाल झाले होते, आकाशनं तिचा हात धरलेला. सुजाता आईसमोर येऊन उभी राहिली. "आई, आम्ही लग्न करणार आहोत. लेकरू हवं की नको, तपासण्या करून की दत्तक घेऊन, ते नंतर आमचं आम्ही ठरवू. पण लग्न करणार."

मॅडमनी तोंडावरून पदर फिरवला. रुमाल शोधत बसल्या नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या. "मंग साडी घ्यायला चला. मला निळी पाह्यजे."

तिघं जिन्याकडं निघाले. मी सामानाचा डबा उचलून मागं. पायरीवर पाय ठेवता ठेवता मॅडम वळल्या आणि बाकावरच्या त्या बाईला म्हणाल्या, "जा, तुझा नंबर हाय. चांगल्या हायत त्या. भिऊ नको."